पिवळी, लाल आणि पुन्हा पिवळी

रात्रपाळी उरकून सकाळी आठला पुन्हा त्याच सभागृहात बसले. पडद्यावर तीच चित्रं: पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांसाठी पांढरा डबा, काचेसाठी निळा. १९ वर्षं वॉर्डात काढल्यावर हे मी झोपेतही सांगेन. त्या दिवशी ऐकलंही जवळपास झोपेतच.

जैववैद्यकीय कचऱ्याचं प्रशिक्षण वर्षातून एकदा तरी द्या, असं २०१६चे नियम सांगतात. बरोबरच आहे. पण नव्या मुलीला आणि मला तेच दोन तास कशाला? आधी दहा प्रश्न विचारा. रक्ताची वापरलेली पिशवी कुठे टाकायची? (पिवळ्यात. लालमध्ये टाकणारे डॉक्टरही पाहिलेत मी.) ज्याचं जे चुकेल, त्याला तेवढंच नीट शिकवा. उत्तरपत्रिका हीच प्रशिक्षणाची नोंद धरा. बाकीच्यांना वॉर्डात जाऊ द्या, तिथे माणसं कमीच असतात.

सीपीआर मात्र यातून वगळा. मिनिटाला १०० ते १२० दाब, हे कागदावर मीही बिनचूक लिहिते. गेल्या खेपेला पुतळ्यावर हात ठेवले, तर दाब पाच सेंटिमीटरपर्यंत पोहोचतच नव्हता. तिथे मला पुन्हा बसवा, तक्रार करणार नाही.