घोले रोडचे डॉक्टर

घोले रोडवर पार्किंग शोधताना आपण काय काय नाही बोलत! पण हे घोले कोण, असं मैत्रिणीच्या ऑफिसात विचारलं, तर तिघांनी ‘असेल कुणी नगरसेवक’ म्हणून विषय संपवला. चौथा चहा आणायला गेला.

तर मंडळी, डॉ. विश्राम रामजी घोले. जन्म १८३३चा. आधी इंग्रजी फौजेत सर्जन, मग पुण्यात नावाजलेले डॉक्टर. वर रावबहादूर. एकदम ‘सेटल्ड’ माणूस! अशाने गप्प बसायचं असतं ना? यांनी जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचं अध्यक्षपद घेतलं. तिकडे पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनचे आफ्रिकानस हॉर्टन हेही इंग्रजी फौजेतलेच सर्जन. त्यांनी १८६८ मध्ये आपल्या लोकांच्या स्वराज्याची मांडणी करणारं पुस्तक छापलं. पगार साहेबाचा, डोकं स्वतःचं.

घोल्यांना याची किंमत घरातच मोजावी लागली. लेक काशीबाई, लाडाने ‘बाहुली’. तिला शिकवायला घेतलं म्हणून नातलग बिथरले आणि लाडवातून काच खायला घालून तिचा जीव घेतला, असं पुण्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं पान उलटवेना. बापाने काय केलं? १८८० मध्ये तिच्या नावाने पाण्याचा हौद बांधला, सगळ्या जातींना खुला. फरासखान्याजवळचा बाहुलीचा हौद तो हाच.

हा समाज म्हणजे नुसती पुण्यातली भाषणं नव्हती हं. माझं आजोळ जुन्नर तालुक्यातलं, म्हणून हे मुद्दाम सांगते. माळशेजला जाताना तुम्ही ज्या ओतूरला भज्यांसाठी थांबता, तिथे १८८४ मध्ये बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीशिवाय लग्न लावलं. जोशीबुवा दक्षिणेसाठी कोर्टात! प्रकरण थेट मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं. लग्न दोघांचं, वकील कितीकांचे!

१८८८ मध्ये फुल्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. उपचाराला हेच घोले होते. जोतीराव सावरले आणि डाव्या हाताने लिहू लागले. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी असं पुरं केलं. ते छापून आलं १८९१ मध्ये, जोतीराव गेल्यावर.