पाचशे वॉट, कॅबिनेटसोबत फ्री!

मंडळी, गेमिंग कॉम्प्युटरची यादी करताना बघितलंय का कुणाला? आधी ग्राफिक्स कार्ड, मग प्रोसेसर, रॅम, रंगीत दिव्यांचे पंखे... आणि पैसे संपले की तळाशी एक ओळ - "एसएमपीएस : कॅबिनेटसोबत फ्री". महाड एमआयडीसीतल्या बापाने दिवाळीचा बोनस मोडून पोराला मशीन घ्यायची, आणि तिचा जीव असल्या फुकटच्या डब्यावर टांगायचा, हा कुठला हिशोब?

पहिली फसवणूक आकड्याची. डब्यावर ठळक "५०० वॉट" छापलेलं असतं, ते वाचूच नका. त्याखालचा बारीक तक्ता वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट. झाले तुमचे पाचशे! आता आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॉटचं, मध्यम प्रोसेसर ८०-९० चा, वर पंखे, डिस्क वगैरे. अडीचशेच्या घरात गेलोच की. १२ व्होल्टवर ३६ ते ४५ अँपिअर देणारा, खराखुरा ४५०-५५० वॉटचा एसएमपीएस अशा मशीनला पुरतो. त्याहून मोठा घेऊ नका.

दुसरी फसवणूक इंटरनेटवरच्या पंडितांची. "गोल्ड घ्या, नाहीतर घेऊच नका." अहो, २००४ साली सुरू झालेली ती ८० प्लसची पट्टी फक्त एवढंच सांगते की वीज किती वाया जाते. ३०० वॉटचा लोड, रोज चार तास गेम, ब्रॉन्झऐवजी गोल्ड - वर्षाला वाचतात सुमारे ३० युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी तीनशे रुपये! आणि सुरक्षितता? २०२१ मध्ये गेमर्स नेक्ससने गिगाबाइटच्या पी७५०जीएम या गोल्ड मॉडेलवर जादा लोड टाकला, तर त्यातले बरेच उडाले. शेवटी कंपनीला ठरावीक सिरियल नंबरचे एसएमपीएस बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली. असो.

आपल्याकडचा खरा प्रश्न वाया जाणाऱ्या विजेचा नाहीच, येणाऱ्या विजेचा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस, तारांवर पडणारी झाडं. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडात कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती, आठवतंय ना? पोलादपूरच्या वाडीवर वीज जाते तेव्हा फार बिघडत नाही, ती परत येताना बिघडतं. कधी १७० व्होल्ट, आणि कुठे न्यूट्रल सुटला तर थेट ४०० च्या दिशेने. तेवढं कुठलाच एसएमपीएस सोसणार नाही. पण चांगला मरतो तेव्हा एकटा मरतो. फुकटातला मरताना मदरबोर्ड आणि कार्डालाही सोबत घेऊन जाऊ शकतो. मी पैसे मोजायला सांगतोय ते या फरकासाठी.

म्हणून ब्रॉन्झसुद्धा चालेल, पण इनपुट १००-२४० व्होल्ट हवं. मागे ११५/२३० चं लाल बटण दिसलं की तिथूनच परत फिरा. ओव्हर-व्होल्टेज, ओव्हर-पॉवर आणि शॉर्ट-सर्किट संरक्षण लिहिलेलं हवं. पाच वर्षांची वॉरंटी असेल तर उत्तम, पण ती महाडहून वापरायची कशी, कुरिअर कुणी करायचं, हे बिलावर लिहून घ्या. आणि कृपा करून तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जुगाड लावू नका! अर्थिंग नसेल तर चांगल्या एसएमपीएसच्या कॅबिनेटला हात लावला तरी झिणझिण्या येतात. आधी वायरमनला बोलवा, मग कॉम्प्युटर घ्या.

दुकानदार म्हणेल, "काका, एवढं कोण बघतं?" त्याला म्हणा, मी बघतो. डबा उलटा कर आणि १२ व्होल्टचा आकडा दाखव. दाखवला नाही, तर बाजारात दुसरं दुकान आहेच की :)