कुत्रीचं बाळंतपण आणि आपले लाड

बाळंतपण म्हटलं की आपल्याकडच्या बायकांच्या अंगात येतं. मग ते लेकीचं असो, शेजारणीचं असो, गोठ्यातल्या म्हशीचं असो, नाहीतर सोफ्यावर लोळणाऱ्या पामेरियनचं. डिंक, खारीक, अळीव, शेक, शेगडी... पोतडी लगेच उघडते. पुरुषमंडळी डॉक्टरांचा नंबर शोधायचं काम अंगावर घेतात आणि तो शेवटपर्यंत सापडत नाही. (हे अनुभवाचे बोल आहेत. आमच्या 'ह्यां'नी वाचलं तरी चालेल.)

मी आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. पशुवैद्यकाशी माझा काडीचा संबंध नाही. पण आमच्या घरी ठमी आली आणि तिच्यामुळे मी या विषयातली गावठी तज्ज्ञ ठरले. ठमी म्हणजे पांढरी, झुपकेदार शेपटीची, जेमतेम सहा किलोची. लोक तिला पामेरियन म्हणतात. डॉक्टर म्हणतात, ही इंडियन स्पिट्झ. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला, त्यातला टफी याच जातीचा, आणि त्यानंतर आपल्याकडे गल्लोगल्ली टफी दिसायला लागले ते तुम्हालाही आठवत असतील. ठमीच्या मूळ मालकांची बदली झाली, नव्या घरात कुत्रं चालत नव्हतं, म्हणून ती आमच्याकडे आली. आठवड्याभरात कळलं की ती एकटी आलेली नाही. पोटात पिल्लं घेऊन आली आहे!

तेव्हापासून जुन्या विद्यार्थिनींचे फोन येतात. "बाई, आमची जिनी गाभण आहे. काय काय आणून ठेवू?" प्रश्न नेहमी हाच, काय आणू. काय करू नको, असं मला आजवर एकीनंही विचारलेलं नाही. आणि माझं स्पष्ट मत असं झालं आहे की लहान चणीच्या कुत्रीच्या बाबतीत या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जास्त लांब आहे, आणि जास्त महत्त्वाचंही.

उदाहरण देते. आमच्या शेजारच्या गल्लीत एक डॅशहाउंड आहे. ती गाभण राहिल्याबरोबर घरच्यांनी तिला रोज कॅल्शियमचं औषध सुरू केलं. कुणी सांगितलं नव्हतं. सुनेला बाळंतपणात गोळ्या होत्या, मग हिला का नको? वर दूध, पनीर, उकडलेली अंडी. पाच पिल्लं झाली, सगळी गुबगुबीत. सगळे खूश. पंधराव्या दिवशी संध्याकाळी कुत्री धापा टाकायला लागली. पाय ताठ, अंग थरथरतंय, चालताना लाकडी खेळण्यासारखी चालतेय. ताप आलाय असं समजून त्यांनी तिला पंख्याखाली ठेवलं आणि पिल्लं पुन्हा अंगाशी लावली. नशीब की त्यांचा धाकटा मुलगा डोक्याने तल्लख, त्याने तिला उचललं आणि सरळ दवाखाना गाठला. शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं तेव्हा तासाभराने ती डोळे स्थिर करून बघायला लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर फिट येऊन गेली असती.

आता गंमत बघा. कॅल्शियम कमी पडलं, आणि तेही कुणाला, तर जिला दोन महिने बाटलीने कॅल्शियम पाजलं तिलाच! डॉक्टरांनी समजावलं ते असं. दूध सुरू झालं की अंगातलं कॅल्शियम भराभर दुधातून जातं, आणि ती भर शरीराला हाडांतून काढून करावी लागते. त्यासाठी गळ्यातल्या बारीक ग्रंथींना कामाला लागावं लागतं. गाभणपणात वरून भरपूर मिळत राहिलं तर त्या ग्रंथी सुस्तावतात. मग ऐन वेळी जागच होत नाहीत. मला लगेच आमच्या वर्गातले गाईडवाले विद्यार्थी आठवले. वर्षभर सगळं आयतं, आणि परीक्षेत प्रश्न जरा फिरवून आला की पेन दातात! खेड्यातल्या लोकांना गाईचा दुग्धज्वर माहीत असतो, हा त्याचाच भाऊबंद. लहान जातीच्या कुत्रीला याचा धोका जास्त, कारण जीव एवढासा आणि लुचणारी तोंडं चार-पाच. विल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, आणि थरथर दिसली की पिल्लं बाजूला काढून तडक डॉक्टर. गाभणपणात मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कॅल्शियमचा थेंब नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत पिल्लांसाठीचं चांगलं खाणं थोडं थोडं, दिवसातून चार वेळा दिलं की पुरतं. पोटात जागाच कुठे असते बिचारीच्या?

दुसरा लाड म्हणजे "होऊ दे की तिला एकदा आई!" या वाक्याने माझं डोकं उठतं. कुत्रीला मातृत्वाची हौस असते, ते न मिळाल्यास ती झुरते, हे सगळं आपण आपल्या मनातलं तिच्यावर चिकटवतो. ती माजावर येते, तो शरीराचा धर्म आहे. निसर्गात ती कुणाला विचारत नाही हे खरं. पण निसर्गात पगही नव्हता! २००३ मध्ये टीव्हीवरच्या एका मोबाइलच्या जाहिरातीत पग मुलामागे धावला आणि मग घरोघरी पग आले. पिल्लाचं डोकं मोठं, आईची कंबर अरुंद, आणि बसक्या जबड्यामुळे तिला पिल्लावरची पिशवी फाडणं किंवा नाळ चावून तोडणं जड जातं. माणसाने आपल्या हौसेपायी बनवलेल्या जनावराला निसर्गाच्या भरवशावर सोडायचं, हा कुठला न्याय?

असो. पिल्लं आता पोटात आहेतच, तर तयारी काय करायची ते सांगते.

सगळ्यात मोठी तयारी तारखेची. मीलनापासून साधारण ५८ ते ६८ दिवस, सरासरी ६३. ठमीचं मीलन कधी झालं ते आम्हाला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे सोनोग्राफीवरून अंदाज घेतला आणि मग शेवटी एक्स-रे. पंचावन्न दिवस उलटले की एक्स-रेत पिल्लांची हाडं दिसतात, मोजता येतात. "एक्स-रे कशाला, उगाच खर्च," असं म्हणणारे भेटतात. अहो, आत चार आहेत हे माहीत असेल तरच तिसऱ्यानंतर ती शांत झोपली तेव्हा काळजी करायची की चहा टाकायचा हे कळेल ना! आणि एकच पिल्लू असेल तर तेही आधी कळायला हवं. एकुलतं एक पिल्लू पोटात मोठं होतं, आणि कधीकधी कळा वेळेवर सुरूच होत नाहीत.

मग थर्मामीटर. हा वेगळा ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात कुत्रीचं नाव लिहा, कारण तो तोंडात घालायचा नसतो. नाहीतर घरात एखाद्या दिवशी महाभारत होईल. कुत्रीचा ताप एरवी १०१-१०२ असतो. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ मोजायचा. ९९ च्या खाली उतरला की बहुधा चोवीस तासांत वेळ येते. ठमीचा पहाटे साडेअठ्ठ्याण्णव आला, दुपारी ती जेवली नाही, कपाटाखाली जाऊन माझ्या जुन्या साडीच्या चिंध्या करत बसली. धाप, येरझाऱ्या, एकदा उलटी. हे सहा-बारा तास चालतं, पहिलटकरणीत जास्तही. या वेळात शेजारपाजारच्यांनी बघायला यायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. मी दाराला आतून कडी घातली आणि कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले.

खरं तर बसण्यापलीकडे मी फार काही केलंच नाही. खोकं होतं, त्यात वर्तमानपत्रं आणि धुतलेल्या सुती चादरी. टॉवेल, दोरा, निर्जंतुक केलेली कात्री, पोव्हिडोन आयोडीन, स्वयंपाकघरातला वजनकाटा. पहिल्या तीन पिल्लांच्या वेळी कात्रीला हातही लावावा लागला नाही. चौथ्याची पिशवी तिने फाडली नाही, ती मी नाकाकडून फाडली, टॉवेलने खसाखसा पुसलं, तेव्हा ते चिरकलं. पिल्लू हातात धरून झुलवतात तसलं काही करायचं नाही, मेंदूला इजा होते.

डॉक्टर मात्र आधीच ठरलेला हवा. नुसता नंबर उपयोगाचा नाही. रात्री दोनला फोन उचलाल का, सिझेरियन तुमच्याकडे होतं का, नसेल तर कुठे, हे तोंडाने विचारून घ्यायचं. पुण्या-मुंबईत रात्रभर उघडे दवाखाने आहेत. आमच्या साताऱ्याच्या आसपासच्या खेड्यांत रात्री गाडी कोण चालवणार इथपासून तयारी लागते. एका ओळखीच्या घरची पग रात्री दहापासून जोर लावत होती. "पहिलटकरीण आहे, वेळ लागायचाच," म्हणून सगळे सकाळपर्यंत थांबले. आई वाचली, दोन्ही पिल्लं गेली. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू नाही, दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त वेळ गेला, किंवा एकही पिल्लू बाहेर नसताना हिरवट काळं पाणी गेलं, तर उजाडायची वाट बघायची नाही. (पिल्लं व्हायला लागल्यावर हिरवट स्राव जातो, तो वेगळा.) आणि कळांचं इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून घरी टोचायचं नाही. पिल्लू आडवं अडलं असेल तर गर्भाशय फाटू शकतं.

ठमी व्याली ती डिसेंबरात. साताऱ्याची थंडी. नवजात पिल्लाला कुडकुडताही येत नाही, ते गुपचूप गार पडतं. पूर्वी साठचा पिवळा बल्ब टांगायचे, तो आता शोधावा लागतो. मी गरम पाण्याच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवल्या, म्हणजे उकडलं तर पिल्लं सरकू शकतील. गार पडलेल्या पिल्लाला आधी दूध पाजायचं नाही, आधी ऊब. गार पोटात दूध पचत नाही. रोज वजन. आमचं सगळ्यात लहान १२० ग्रॅमचं होतं, नवव्या दिवशी २५० भरलं तेव्हा मी पेढे आणले. ते मात्र माणसांनी खाल्ले.

पण या सगळ्याहून अवघड काम कुठलं ते कुणी विचारत नाही. पिल्लांना घरं. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि फुकट द्यायचं असलं तरी त्याआधी आईपासून तोडू नये. म्हणजे दोन महिने घरात शी-शू, जंताचं औषध, लसी. मी आता फोनवर पहिला प्रश्न विचारते, "किती घरं ठरली? तोंडदेखलं 'बघू' म्हणणारी नकोत, नावं सांग." बहुतेकींकडे शांतता असते.

आणि घरं कुणाला मिळतात? ठमीला एक नर आणि तीन माद्या झाल्या. नराचे डोळे उघडायच्या आत तो ठरला होता, तोही तिघांत भांडण लागून. माद्यांसाठी फोन यायचे ते असे: "बाई, नर आहे का? नाही? मग राहू दे." का, तर मादी असली की पुन्हा पिल्लांचा व्याप. मी सांगायचे, ऑपरेशन करून घ्या, खर्च मी देते. पुढे म्हातारपणी गर्भाशयात पू होण्याचा आजार असतो, तोही टळेल. तरी नाही. एक जण तर म्हणाला, "मंदिराच्या पायरीपाशी सोडा की, लोक खायला घालतात." शाळेत त्याला मीच 'मुकी बिचारी' या विषयावर निबंध लिहायला दिला असणार.

दोघींना घरं मिळाली, एकीला अकराव्या आठवड्यात, एकीला चौथ्या महिन्यात. तिसरी, तीच १२० ग्रॅमवाली, आमच्याकडेच आहे. ठमीचं आणि तिचं ऑपरेशन एकाच महिन्यात झालं. हिचं नाव कुणी ठेवलंच नाही, सगळे अजून 'पिल्लू'च म्हणतात, आणि आता ती आईपेक्षा अर्ध्या किलोने जास्त भरते.