केसपेपरवर नसलेले घर

स्मरणिकेसाठी ‘निसर्ग आणि आजचे नागरी जीवन’ अशा धर्तीचे काही लिहावे, असा संपादकांचा आग्रह झाला. सकाळ-संध्याकाळ दवाखान्याच्या चार भिंतींत घालविणाऱ्या माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरला निसर्गाविषयी लिहिण्याचा अधिकार कितपत आहे, ही शंकाच आहे. परंतु बडोद्यास राहणाऱ्या माणसाला निसर्गाची आठवण विश्वामित्री अधूनमधून स्वतःच करून देते. २०२४ च्या ऑगस्टमधील पुराने मला जे दाखविले त्यात माझीच एक चूक आहे, आणि ती व्यवसायबंधूंसमोर मांडावी असे मनात होतेच.

आपल्या शहराचे नावच मुळी वडाच्या झाडावरून पडलेले. इ. स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात ‘वडपद्रक’ असा त्याचा उल्लेख सापडतो. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८७९ मध्ये, विश्वामित्रीच्या काठी कमाटीबाग उभी राहिली. पुढे आजव्याचे सरोवर बांधून शहराला नळाचे पाणी मिळाले. नदी, बाग, तलाव आणि वस्ती यांचा हिशेब त्या काळी कोणीतरी एकत्र मांडला होता. पुढच्या पिढ्यांनी, आणि यात आपण सारेच आलो, नदीकाठची कोतरे भरून टाकली आणि त्यांवर इमारती चढविल्या. पावागडाकडून येणाऱ्या पाण्याला पसरायला जागा उरली नाही. त्या ऑगस्टमध्ये २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून नदी ३५ फुटांच्याही वर गेली. तीन दिवसांत सुमारे दोन डझन मगरी लोकवस्तीतून उचलून न्याव्या लागल्या. मगरी आमच्या सोसायटीत शिरल्या, अशी तक्रार आपण सर्वांनी केली. मगरींना तक्रार करता येत नाही, एवढेच. २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी नदीचे पात्र खोल आणि रुंद करण्याचे काम झाले, हे चांगलेच झाले. पण मला सांगायचे आहे ते त्या पुरात सहाव्या मजल्यावर अडकलेल्या एका वृद्ध काकूंविषयी.

या काकू माझ्या तीस वर्षांच्या रुग्ण. रावपुऱ्यातील एका जुन्या वाड्यात राहात. वाडा पाडून तेथे कॉम्प्लेक्स झाले, तेव्हा परदेशी असलेल्या मुलाने त्यांना शहराच्या कडेला नवा, हवेशीर फ्लॅट घेऊन दिला. मधुमेह जुना, इन्शुलिन चालू. वाड्यात असताना त्यांची साखर इतकी नेटकी असे की, नव्या रुग्णांना मी त्यांचे उदाहरण देत असे. फ्लॅटमध्ये गेल्यापासून ती बिघडली. मी वीस युनिटांचे सव्वीस केले, मग तीस, मग चौतीस. गोड खाता का, चालता का, असे नेहमीचे प्रश्न विचारले. ‘रोज अर्धा तास चालणे’ हे वाक्य केसपेपरवर प्रत्येक वेळी लिहिले. दोन वर्षे हे असेच चालले.

पुराच्या तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. “डॉक्टरकाका, आई दोन दिवस फोन उचलत नाही.” पाणी ओसरू लागले होते. चिखल तुडवीत मी पोहोचलो. वीज नव्हती, म्हणून लिफ्ट बंद. सहा मजले चढून गेलो, तो दार समोरच्या फ्लॅटमधील एका गुजराती शिक्षिकाबेनने उघडले. काकू बऱ्या होत्या. फोनची बॅटरी तेवढी संपली होती. बेन त्यांना ‘मासी, मासी’ म्हणत होत्या. समोरासमोर दोन वर्षे राहून त्या दोघींची पहिली ओळख आदल्याच दिवशी, पिण्याच्या पाण्याचा एक हंडा वर चढविताना झाली होती!

फ्रीज बंद असल्यामुळे इन्शुलिनची बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलेली होती. शेजारी सिरिंज होती. तिचे टोपण नारिंगी होते.

डॉक्टर मंडळींना पुढचे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. काकूंची बाटली एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटे असलेली. तिला तांबड्या टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटांच्या औषधासाठी असते. तिच्यात विसाच्या रेघेपर्यंत औषध भरले तर या बाटलीतून आठच युनिटे अंगात जातात. मी चौतीस लिहीत होतो, काकूंना चौदासुद्धा मिळत नव्हती. वाड्यात असताना शेजारची सून रोज सकाळी येऊन सिरिंज भरून देई आणि कोपऱ्यावरचा औषधवाला न विचारता योग्य सिरिंज देई. नव्या वस्तीत सून नव्हती, औषधवाला अनोळखी होता आणि मोतीबिंदूमुळे काकूंना टोपणाचा रंग तर सोडाच, रेघाही धड दिसत नव्हत्या. त्या अंदाजाने भरीत. कोणीतरी भले करण्याच्या हेतूने योग्य सिरिंज आणून माझ्या केसपेपरप्रमाणे चौतीस युनिटे टोचली असती तर एखाद्या पहाटे काय झाले असते, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

“काकू, मला कधी बोलला नाहीत?” मी विचारले.

“तुम्ही विचारलं नाहीत, डॉक्टरसाहेब. आणि बाहेर केवढी माणसं बसलेली असतात.”

मग मी खिडकीतून खाली पाहिले. खाली पार्किंग, त्यापलीकडे मोठा रस्ता. रावपुऱ्याहून ही बाई रोज कमाटीबागेपर्यंत चालत जाई, परतताना ओट्यावर अर्धा तास टेकत असे. इथे तिने अर्धा तास चालायचे ते कोठे?

मनुष्यसहवासाचा आणि झाडांचा आरोग्याशी संबंध आहे, हे आपल्या शास्त्राला ठाऊक नाही असे नाही. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण तपासले. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. २०१० मध्ये १४८ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, ज्यांचे नातेसंबंध भक्कम त्यांची जगण्याची शक्यता सुमारे पन्नास टक्क्यांनी अधिक आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगातील दर सहा माणसांमागे एक एकाकीपणाने ग्रासलेला आहे. हे सर्व मी वाचलेले होते. काकूंच्या घरी मात्र गेलो नव्हतो.

पूर्वी आपण व्हिजिटला जात असू. ती प्रथा का मोडली हे मलाही समजते. वाहतूक, वेळ, वाढलेली गर्दी, आणि गंभीर रुग्णाला घरी तपासत बसण्यातील धोका, ही कारणे खोटी नाहीत. २०२० पासून दूरध्वनी आणि व्हिडिओवरील सल्ल्याला रीतसर नियमावलीही मिळाली, आणि तिचा उपयोग मी स्वतः करतो. पण काकूंनी व्हिडिओवर मला आपला चेहरा दाखविला असता, सिरिंज नव्हे. म्हणून माझे मत असे की, आपल्या मंडळातील प्रत्येकाने महिन्यातून दोन तरी गृहभेटी द्याव्यात. त्याही आजारासाठी नव्हे, तर एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे घर पाहण्यासाठी. औषधे कोठे ठेवली आहेत, भरून कोण देते, जवळ बसण्याजोगे झाड किंवा बाक आहे का, समोरच्या दारातील माणसाचे नाव ठाऊक आहे का, हे पाहावे. वीस मिनिटे पुरतात. शुल्क घ्यावे की नाही, यावर आपल्यात मतभेद होतील. मी घेतले नाही, पण घेणाऱ्याला मी दोष देणार नाही.

त्या दिवशी मी काकूंचे चौतीस खोडून पुन्हा लहान मात्रेपासून सुरुवात केली. सिरिंज आता बेन भरून देतात. शाळेला निघण्यापूर्वी त्या दार वाजवितात. मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही झाली.

वटपौर्णिमेला आपल्याकडे बाजारातून वडाची तोडलेली फांदी आणून घरातच पूजा करण्याची रीत पडली आहे. वडावरून नाव पडलेल्या गावात हे पाहताना मला नेहमी संकोच वाटतो. हे व्रत गुजराती भगिनीही त्याच दिवशी करतात. पुरानंतरच्या ज्येष्ठात बेन व्रताला निघाल्या, तेव्हा काकूंनाही बरोबर घेऊन रिक्षाने एका देवळाजवळच्या जुन्या वडाकडे गेल्या. काकूंचे यजमान जाऊन बारा वर्षे झाली. त्या पारावर नुसत्या बसल्या होत्या. पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी साखरेचा आकडा विचारण्याआधी मला त्या वडाच्या पारंब्या किती खाली आल्या आहेत, ते सांगितले.