वाचून दाखवले, समजले का?

अमरावतीला पर्यावरणशास्त्र शिकणारी तीन-चार मुले परवा घरी आली होती. चहाबरोबर विषय निघाला तो पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा. धरण, खाण किंवा वीजप्रकल्प उभारण्यापूर्वी त्याचा पाण्यावर, जमिनीवर, माणसांवर काय परिणाम होईल याचा आधीच मांडलेला हिशेब, म्हणजे हे मूल्यांकन. एक मुलगी म्हणाली, ‘‘काका, तो अहवाल आम्हालाच दोनदा वाचावा लागतो. गावकऱ्यांना काय कळणार?’’ बाळापूरकडचा मुलगा उसळून म्हणाला, ‘‘नदी त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते. त्यांना कळेल असं कोणी लिहीतच नाही!’’

मी गप्प होतो. मला अकोल्याकडची माझी बँकेची शाखा आठवत होती. कर्जाचे कागद इंग्रजीत असत आणि खाली एक ठरावीक ओळ असे : मजकूर मराठीत वाचून समजावून सांगितला. मार्चच्या घाईत त्या ओळीखाली मी किती सह्या केल्या असतील! एका शेतकऱ्याने विचारले होते, ‘‘सायेब, याच्यात काय लिवलं हाय?’’ मी म्हणालो, ‘‘भावाच्या कर्जाचं आहे, लावा आंगठा.’’ तो स्वतःला साक्षीदार समजत होता; होता जामीनदार. दोन वर्षांनी त्याला नोटीस गेली, तीही माझ्याच सहीने. कागद बिनचूक होता. माणूस मात्र फसला होता.

जनसुनावणीचेही असेच होण्याची भीती आहे. १४ सप्टेंबर २००६ ची केंद्राची अधिसूचना वाचायला चांगली आहे. सुनावणीची जाहीर सूचना किमान ३० दिवस आधी हवी, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत हवा, शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचे. पण गणपूर्तीची अट नाही. आणि मराठी मिळते ती सारांशापुरती, मूळ जाडजूड अहवाल बहुधा इंग्रजीतच असतो. मेळघाटातल्या कोरकू आजीला तर मराठी सारांशही परकाच. २०२० मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा आला तो इंग्रजी आणि हिंदीत. इतर भाषांतही तो आणा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला केंद्राला सांगावे लागले. त्याच मसुद्यात ३० दिवसांचे २० करण्याचा प्रस्ताव होता.

नांदगाव पेठच्या १३५० मेगावॅटच्या औष्णिक वीजप्रकल्पाला ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी द्यायचे ठरले, तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले. त्यांचा प्रश्न साधा होता : आमच्या ओलिताला किती उरणार? याचे उत्तर दशलक्ष घनमीटरमध्ये देता येते. पण ते कळते, रब्बीच्या किती पाळ्या कमी होतील हे सांगितले तरच.

मुलांनी शेवटी सुचवले ते मला पटले. सुनावणीआधी विद्यार्थ्यांनी गावात जावे, सारांश वाचून दाखवावा आणि मग गावकऱ्यांनाच म्हणावे, ‘आता तुम्ही सांगा, काय होणार आहे?’ उत्तर चुकले तर चूक सांगणाऱ्याची, ऐकणाऱ्याची नव्हे.

त्या दिवशी मी एवढे एकच वाक्य विचारले असते, तर आंगठा लावायचा की नाही, हे त्या शेतकऱ्याने ठरवले असते.