सिद्धींचा बाजार आणि एक जपानी विद्यार्थी

जपानमध्ये २०१२ ते २०१८ या काळात ‘शोनेन जंप’ नावाच्या साप्ताहिकातून एक विनोदी चित्रकथा क्रमशः प्रसिद्ध होत होती. शुइची आसो हे तिचे चित्रकार-लेखक. २०१६ साली तिच्यावर व्यंगचित्रमालिका निघाली आणि पुढे नेटफ्लिक्सच्या माध्यमातून ती जगभर पोहोचली. साइकी कुसुओ हा तिचा नायक. शाळकरी वयाच्या या मुलाला जन्मतःच अतींद्रिय शक्ती प्राप्त आहेत. तो दुसऱ्याच्या मनातले ऐकतो, अदृश्य होतो, क्षणार्धात कोठेही पोहोचतो. आता असा मुलगा काय करील? परीक्षेत पहिला येईल, दूरदर्शनवर झळकेल, असे कोणत्याही मराठी पालकाला वाटेल. हा मुलगा मात्र त्या शक्ती लपवीत फिरतो. त्याला हवे असते चारचौघांसारखे शांत आयुष्य आणि आवडती कॉफी जेली. सर्वांच्या मनातले सतत ऐकू येत असल्यामुळे त्याला कशाचे नवल उरत नाही. त्याची दृष्टी पडताच माणसाचा दगड होतो, म्हणून डोळ्यांवर सदैव चष्मा. त्याला बिनघोर सोबत वाटते ती एका मठ्ठ मित्राची, कारण त्याच्या डोक्यात विचारच नसल्यामुळे तेथे काही ऐकू येत नाही! सामर्थ्य हेच संकट, हा या मालिकेतील विनोदाचा गाभा आहे.

अशा मालिकांविषयी आपल्या मध्यमवर्गीय घरांत दोनच प्रतिक्रिया उमटतात. ‘हे परदेशी खूळ मुलांना बिघडवते’ ही एक आणि ‘पोरे गप्प बसतात ना, मग पाहू द्या’ ही दुसरी. दोन्ही आळशीपणाच्या आहेत. मूल काय पाहते आहे, हे जाणून घेण्याचे कष्ट पहिलीत नाहीत आणि दुसरीतही नाहीत. ते कष्ट घेतले तर मात्र या जपानी विनोदाने आपल्यासमोर धरलेला आरसा चांगलाच बोचणारा आहे, हे ध्यानात येईल.

कारण याच काळात अतींद्रिय शक्तीचे विद्यार्थी आपल्याकडेही तयार केले जात होते आणि तेही रोख शुल्क घेऊन. २०१० नंतरच्या दशकात ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ या भारदस्त नावाचे वर्ग देशभर फोफावले. महाराष्ट्रातील शहरेही त्याला अपवाद नव्हती. डोळ्यांवर पट्टी बांधलेले मूल पुस्तक वाचते, पत्त्यांचे रंग ओळखते, सायकल चालवते, अशी प्रात्यक्षिके भरगच्च सभागृहांत झाली. मेंदूचा मधला भाग जागृत केला की स्मरणशक्ती वाढते, गुण वाढतात, असे सांगून पालकांकडून हजारो रुपये उकळण्यात आले.

वस्तुतः मध्यमस्तिष्क हा मेंदूच्या देठाचा लहानसा भाग. डोळ्यांच्या हालचाली, आवाजाच्या दिशेने मान वळणे अशा क्रियांशी त्याचा संबंध असतो आणि तो जन्मापासून काम करीतच असतो. ज्याला झोपच लागलेली नाही, त्याला जागे काय करणार? पट्टीचे रहस्य तर त्याहून साधे. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी आणि गाल यांच्यात फट राहते. मूल त्या फटीतून खाली पाहते, म्हणून पुस्तक नेहमी नाकाखाली धरले जाते. ही फट नीट बुजवली किंवा वस्तू डोक्यामागे धरली की सिद्धी तत्काळ लोप पावते. मंगळुरूचे नरेंद्र नायक आणि महाराष्ट्रातील अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते यांनी हे वारंवार उघड केले.

पैसे बुडाले ही यातील लहान हानी. मोठी हानी मुलाची झाली. आपण फटीतून पाहतो आहोत, हे त्या आठ-दहा वर्षांच्या जीवाला ठाऊक असते. आईवडील कौतुकाने पाहत आहेत, शुल्क भरले आहे, समोर टाळ्या पडत आहेत. अशा वेळी ‘मला दिसते आहे’ हे खरे सांगण्याची त्याची छाती होत नाही. म्हणजे ज्या संस्कारांसाठी आपली घरे धडपडतात, त्यांतील पहिल्याच संस्काराचा, सत्य बोलण्याचा, बळी पालकांनी स्वतः पैसे मोजून दिला. याला शिक्षण म्हणायचे की फसवणुकीची उमेदवारी?

या धंद्याला आपल्या परंपरेचा मुलामा देणारेही निघाले. ‘आपल्या योग्यांना हे हजारो वर्षांपूर्वीच अवगत होते’ असे म्हटले की श्रद्धाळू माणूस गप्प बसतो. परंतु परंपरा नेमके काय सांगते? पतंजलींनी योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात सिद्धींची गणना केली आहे. परचित्ताचे ज्ञान, अंतर्धान, भूत-भविष्याचे ज्ञान, सारे काही त्यात आहे. आणि त्याच पादात, या सिद्धी म्हणजे समाधीच्या वाटेवरील विघ्ने आहेत, असा स्वच्छ इशाराही आहे. रामकृष्ण परमहंस सांगत त्या गोष्टीतील साधक वर्षानुवर्षांच्या तपाने पाण्यावरून चालत नदी ओलांडायला शिकला. त्या साऱ्या तपाचे मोल ठरले नावाड्याला द्यावयाच्या एका पैशाइतके!

महाराष्ट्राने तर सिद्धीच्या अहंकाराची थट्टाच केली आहे. चौदाशे वर्षे जगलेला म्हणून ख्याती असलेला चांगदेव ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसतो, आणि वडीलकीचा मायना लिहावा की धाकट्याचा, हे न उमजून कोराच कागद पाठवतो. तो पाहून चिमुरडी मुक्ताई म्हणते की, एवढे जगूनही हा कोराच राहिला. वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन आलेला तो योगी अखेर याच मुलीचा शिष्य होतो. ज्या समाजाने ही कथा शतकानुशतके मुलांना सांगितली, त्याच समाजाने पट्टीच्या जादूपुढे रांगा लावाव्यात, यासारखा दैवदुर्विलास नाही. असल्या चमत्कारांवर बोट ठेवले की धर्मावर आघात होतो, असे मानणाऱ्यांनी आपला धर्म पतंजलींकडून शिकावा, जाहिरातींवरून नव्हे.

पनवेलसारख्या शहरात ही भूल विशेष सहज पडते. एकेकाळचे हे तालुक्याचे गाव आणि खाडीचे बंदर २०१६ साली महानगरपालिका झाले. जुन्या पनवेलच्या तलावांपासून खारघर, कामोठे, कळंबोलीच्या इमारतींपर्यंत नवी कुटुंबे येऊन वसली. गृहकर्जाचे हप्ते, पहाटेची लोकल आणि एकुलते एक अपत्य हा तेथील संसाराचा सामान्य साचा. आजी-आजोबा गावी राहिले. मुक्ताईची गोष्ट सांगणारे घरात कोणी उरले नाही. ती जागा शिकवणीच्या फलकांनी घेतली. प्रत्येक फलकावर गुणवंतांची छायाचित्रे. सामान्य मुलाला तेथे स्थान नाही. ‘माझे मूल असामान्यच हवे’ हा हट्ट हेच या बाजाराचे खरे भांडवल आहे. वर्गांची नावे बदलतील, हट्ट टिकला तर बाजारही टिकेल.

याच पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके. सिद्धी नव्हती, वारसाहक्काचे राज्य नव्हते. लष्करी हिशेब खात्यातील एक कारकून. त्या सामान्य माणसाने इंग्रजी सत्तेला सशस्त्र आव्हान दिले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात देह ठेवला. त्यांच्या नावाचे नाट्यगृह पनवेलमध्ये दिमाखात उभे आहे. असामान्यत्व कशातून घडते, हे त्या नावाखालून जाणाऱ्या प्रत्येक पालकाने एकदा मनाशी तपासावे.

उरतो प्रश्न आपल्या सर्जनाचा. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्यांना पडद्यावर नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. जपानच्या चित्रपटगृहांत तेथील पहिले व्यंगचित्रपट झळकले ते १९१७ साली. म्हणजे आरंभ आपलाही होता. सातत्य त्यांचे राहिले. मुक्ताई-चांगदेवाच्या प्रसंगात विनोद आहे, नाट्य आहे, लहान मुलीचा विजय आहे. जपानी मुलाचा त्रागा मराठी मुले आवडीने पाहत असतील, तर मुक्ताईची कोटी त्यांना का रुचणार नाही? परदेशी मालिकेवर बंदीची मागणी करणे सोपे आहे. २००८ साली ‘शिनचॅन’ बंद झाला, पुढे परत आला, आणि त्या काळात मराठी मुलाच्या हाती नवे काहीच पडले नाही.

तेव्हा घराघरांत करावयाचे काम साधे आहे. मूल जे पाहते ते त्याच्याशेजारी बसून एकदा पाहावे, आणि मग चांगदेवाच्या कोऱ्या कागदाची गोष्ट सांगावी. चमत्काराची हमी देणारा वर्ग दारी आला, तर मुलाच्या हातातले पुस्तक डोक्यामागे धरायला सांगावे. आणि मुलाने प्रामाणिकपणे ‘मला दिसत नाही’ असे म्हटले, तर त्या उत्तराचे मनापासून कौतुक करावे.