४८ तासांत शोधनिबंध छापून मिळेल!

सध्या आपल्या भागातल्या प्राध्यापक मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. 'आंतरराष्ट्रीय जर्नल, सर्व विषय, ४८ तासांत स्वीकृती, फी १५०० रुपये, प्रमाणपत्र मोफत.' दोन-तीन जणांनी तो मला पाठवून विचारलं, "भाऊ, हे खरं असतं का हो?" एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहितो.

सरळ सांगायचं तर ही दुकानं आहेत. खऱ्या जर्नलमध्ये तुमचा लेख त्या विषयातले जाणकार वाचतात, चुका काढतात, दुरुस्तीला परत पाठवतात. त्यात महिने जातात. इथे फक्त पैसे भरल्याची पावती वाचली जाते.

२०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने ढोबळ चुका पेरलेला बनावट पेपर ३०४ जर्नलना पाठवला होता. १५७ जणांनी तो स्वीकारला! आपल्याकडे पुण्याच्या विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १००९ जर्नल तपासली. ८८ टक्के निकृष्ट निघाली. २०१८ मध्येच यूजीसीने ४३०५ नावं यादीतून काढून टाकली. म्हणजे यादीत नाव होतं म्हणून माल चांगला होता, असं नाही.

पुढे २०१९ मध्ये 'यूजीसी-केअर' यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता पारख करायची जबाबदारी कॉलेजवर आणि तुमच्यावर आहे. म्हणून एवढं तरी बघा :

१. आयएसएसएन हा नुसता ओळख क्रमांक आहे. तो मिळाला म्हणजे दर्जा सिद्ध होत नाही.

२. 'इम्पॅक्ट फॅक्टर' क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. 'ग्लोबल' वगैरे शब्द जोडलेल्या आकड्यांना भुलू नका.

३. एकाच अंकात मराठी कविता, मृदाशास्त्र आणि जीएसटी असेल, तर ते वाचणारा जाणकार कोण?

४. संपादक मंडळातल्या एखाद्याचा ईमेल त्याच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवरून शोधा आणि थेट विचारा. पुष्कळदा नाव परस्पर टाकलेलं असतं.

५. चांगल्या जर्नलच्या नावाने बनावट वेबसाइटही काढतात. मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका, पत्ता स्वतः शोधा.

६. परिषदेलाही हेच लागू. पत्रिकेतल्या मोठ्या वक्त्याला विचारा, येणार आहात का? हैदराबादच्या 'ओमिक्स'ला २०१९ मध्ये अमेरिकन कोर्टाने ५ कोटी डॉलरहून जास्त भरायला सांगितले. त्यांच्यावरच्या आरोपांत एक हाही होता की, परिषदेला येणार नसलेल्या तज्ज्ञांची नावं जाहिरातीत वापरली.

आता मूळ दुखणं. काही जण म्हणतात, "सगळेच करतात, आम्ही मागे राहू." मला त्यांचा राग येत नाही. नेट-सेट करून तासिका तत्त्वावर राबणाऱ्या पोरांचं मानधन महिनोन्‌महिने अडकतं, फी मात्र आगाऊ भरावी लागते. मुलाखतीत 'पेपर किती?' असं विचारतात. 'पेपरात काय आहे?' हे किती ठिकाणी विचारतात? २०१० च्या गुणपद्धतीनंतर पेपर मोजायची सवय लागली आणि मोजणाऱ्यांच्या जिवावर ही दुकानं वाढली.

तरीही सांगतो, छापू नका. एकदा तिथे छापलेला लेख चांगलं जर्नल परत घेत नाही. दोन वर्षांची मेहनत १५०० रुपयांत मातीमोल होते आणि नाव मात्र कायमचं चिकटतं. पीएचडीच्या विद्यार्थ्यांनो, प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापायची सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमांतून काढली आहे. तुमच्या विद्यापीठाचा नियम काय आहे, ते लेखी मागा.

आणि प्राचार्य, संस्थाचालक मंडळींना विनंती : निवड समितीत उमेदवाराचा एकच पेपर घ्या, पण तो वाचा आणि त्यावर दहा मिनिटं प्रश्न विचारा. याला एक रुपया खर्च नाही. आपली पोरं ज्यांच्या हातात देतो, त्यांची पारख पावत्या मोजून होणार असेल, तर नुकसान फक्त प्राध्यापकांचं नाही.

तुमच्या ओळखीत कुणी तासिकेवर शिकवत असेल, पीएचडी करत असेल, तर पैसे भरायच्या आधी ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचवा.